नवी ४ जीबी रॅम लावली की डिस्प्ले येत नाही? जुना जी४१ बोर्ड टाकून द्यायच्या आधी चिप मोजा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरी २०१० सालचा डेस्कटॉप आहे, इंटेल जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डचा कारभार बघणारा मुख्य भाग) बोर्ड, कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, आणि एकच २ जीबीची डीडीआर३ रॅम. मुलीच्या अभ्यासाला मशीन फारच स्लो पडतंय म्हणून तुम्ही ४ जीबीची नवी डीडीआर३ १६०० आणली. ती लावली की पंखा फिरतो, लाईट लागते, पण स्क्रीन काळी. काढून जुनी लावली की सगळं पहिल्यासारखं चालू. दुकानदाराने तीच रॅम त्याच्या मशीनवर लावून दाखवली, तिथे ती व्यवस्थित चालली, आणि त्यावरून तो म्हणतोय की रॅम ओके आहे, तुमचा बोर्डच गेलाय, नवा बोर्ड आणि प्रोसेसर घ्या.

घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझ्या मते बोर्डही चांगला आहे आणि रॅमही चांगली आहे, फक्त या दोघांचं एकमेकांशी जमत नाहीये. आणि ते का जमत नाही हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही की मीटर लागत नाही.

नवी स्टिक हातात घ्या, कडेला धरा, खालच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. आता तिच्यावरचे काळे चौकोनी तुकडे मोजा. तेच चिप. एका बाजूला ८ असतील. आता पालटून बघा. मागची बाजू सपाट हिरवी असेल, नुसत्या बारीक रेषा आणि ठिपके, एकही चिप नाही, तर तुमचा सगळा प्रॉब्लेम तिथेच आहे. एकूण ८ चिपमध्ये ४ जीबी म्हणजे एकेक चिप ४ गिगाबिटची (८ बिटचा १ बाइट, ८ चिप गुणिले ४ गिगाबिट म्हणजे ३२ गिगाबिट, म्हणजे ४ जीबी). जी४१ ला ४ गिगाबिटची चिप वाचताच येत नाही, त्याची मजल २ गिगाबिटपर्यंत. त्या बोर्डवर ४ जीबीची स्टिक चालवायची तर ती १६ चिपची लागते, ८ पुढे आणि ८ मागे.

हे का ते पण सांगतो, कारण कारण कळलं की माणूस फसत नाही. चिपच्या आत माहिती ओळी आणि रकाने अशा जाळीत ठेवलेली असते आणि बोर्डवरचा मेमरी कंट्रोलर ओळ नंबर अमुक, रकाना नंबर तमुक असा पत्ता तारांवरून पाठवतो. या प्रकारच्या २ गिगाबिटच्या डीडीआर३ चिपला ओळीचा पत्ता सांगायला १५ तारा पुरतात, ४ गिगाबिटच्या चिपला १६ लागतात. जी४१ मध्ये ती सोळावी तारच नाही. मग मशीन चालू होताना बायोस (बोर्डमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) रॅमची ओळख करून घ्यायला जातं, तिथेच अडकतं, आणि स्क्रीनवर काही यायच्या आधीच सगळं थांबतं. एखाद्या बोर्डवर डिस्प्ले येतो पण ४ ऐवजी २ जीबीच दिसते, ते पण याच कारणाने. बायोस अपडेट करून हे सुटत नाही, तार नाही ती नाही, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका, जुन्या बोर्डचं बायोस अपडेट मध्येच लाईट गेली तर चालू असलेलं मशीनही घालवून बसाल.

दुकानदाराच्या मशीनवर का चाललं मग? कारण त्याच्याकडे बहुतेक एच६१ (इंटेलचा नंतरचा चिपसेट) किंवा त्याच्या पुढचा बोर्ड असणार. २०११ पासूनच्या त्या पिढीत मेमरी कंट्रोलर बोर्डवर नसून प्रोसेसरच्या आत असतो आणि त्याला ४ गिगाबिटच्या चिप चालतात. दोन्ही डीडीआर३च, खाच त्याच जागी, स्टिक दोन्हीकडे बरोबर बसते, म्हणून दुकानदारालाही वाटतं की चालायलाच पाहिजे. तो खोटं बोलत नसेलही, त्याने फक्त चिप मोजल्या नाहीत.

मी रिपेअरिंगमध्ये अठरा वर्षं आहे आणि हा घोटाळा मी सगळ्यात मोठा पाहिला तो एका गावातल्या शाळेच्या लॅबमध्ये. १२ मशीन, प्रत्येकात २ जीबीची एक स्टिक. शाळेने वर्गणी काढून ४ जीबीच्या १२ नव्या स्टिक मागवल्या आणि ज्याने बसवल्या त्याने मुख्याध्यापकांना रिपोर्ट दिला की ५ मशीन चालू आणि ७ मशीनचे बोर्ड डेड. सर बिचारे हादरले होते, पैसे लोकांचे. मी गेलो, एकेक कॅबिनेट उघडलं, तर चालू झालेली पाचही एच६१ आणि 'डेड' सातही जी४१. सगळ्या नव्या स्टिक एका बाजूला ८ चिपवाल्या. मग साधी अदलाबदल केली, नव्या स्टिक एच६१ मध्ये दोन-दोन लावल्या, ५ मशीन ८ जीबीची झाली, तिथून निघालेल्या ५ जुन्या २ जीबीच्या स्टिक जी४१ वाल्या पाच मशीनना दिल्या, ती २ अधिक २ अशी ४ जीबीवर गेली. उरलेल्या दोन नव्या स्टिक परत करून दोन जुन्या २ जीबीच्या आणल्या. एकही बोर्ड बदलला नाही. सातच्या सात बोर्ड भंगारात निघाले असते, आणि पोरं एकेका मशीनवर तिघं-तिघं बसली असती.

आता तुम्ही दुकानात परत जाल तेव्हा काय मागायचं. 'जी४१ ला चालणारी ४ जीबी डीडीआर३, १६ चिपवाली' असं सांगा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असं सांगितलं की जुन्या माणसांना लगेच कळतं. पण नुसत्या १६ चिपवर पण विश्वास ठेवू नका, स्टिकर वाचा. चांगल्या कंपनीच्या स्टिकरवर क्षमतेच्या पुढे '२आर×८' (इंग्रजीत 2Rx8) असं काहीतरी छापलेलं असतं. तुम्हाला हेच पाहिजे. '१आर×८' म्हणजे एकाच बाजूची ८ चिपवाली, म्हणजे आत्ता तुमच्याकडे आहे तीच. आणि कुठे '×४' दिसलं तर हातही लावू नका, कारण बाजारात स्वस्तात 'ओन्ली एएमडी' म्हणून विकली जाणारी रॅम असते, तिच्यावर पण १६ चिप असतात, दिसायला डिट्टो तशीच, पण तिची आतली जोडणी वेगळी असते, एएमडीच्या काही बोर्डवर चालते आणि इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डवर चालत नाही. ऑनलाईन घेताना हे बारीक अक्षरात कुठेतरी खाली लिहिलेलं असतं, किंमत फारच कमी वाटली की ते शोधा.

एका बाजूला ९ चिप दिसल्या, किंवा मधोमध एक वेगळ्याच आकाराची जास्तीची चिप दिसली, तर ती सर्व्हरमधून काढलेली रॅम. मधे जास्तीची चिप असलेली, म्हणजे रजिस्टर्ड, तुमच्या बोर्डवर चालणार नाही. पीसी३-१०६०० किंवा पीसी३-१२८०० असा आकडा असतो त्याच्या शेवटी इंग्रजी 'यू' अक्षर असेल तर ती साधी डेस्कटॉपची, 'आर' असेल तर सर्व्हरची.

स्पीडची काळजी करू नका. १०६६, १३३३, १६०० कुठलीही आणा, तुमच्या ई७५०० चा एफएसबी (प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या जोडणीचा वेग) १०६६ आहे, त्यामुळे रॅम १०६६ लाच पळणार, जास्त स्पीडची स्टिक आपोआप खाली येते. तुमचं मशीन १६०० मुळे बंद पडलेलं नाही, हे पण दुकानात ऐकवतात म्हणून सांगतो.

जुनी २ जीबीची तशीच ठेवून शेजारी ४ जीबी लावली तर ६ जीबी होते, चालते, दोन्ही स्टिक एका कंपनीच्या पाहिजेत असं काही नाही. ज्यांना ८ जीबी करायची त्यांनी आधी बोर्डच्या माहितीपत्रकात कमाल किती लिहिलंय ते बघावं, दोन स्लॉटच्या बऱ्याच जी४१ बोर्डवर ८ चालते. आणि ज्यांच्याकडे त्याआधीचा जी३१ आहे त्यांची कमाल ४ जीबी, ती पण डीडीआर२, आणि त्याहून जुन्या ९४५ चिपसेटवाल्यांना ४ लावून सुद्धा साधारण सव्वातीनच मिळते, विंडोज ६४ बिट टाकली तरी, तिथे पैसे घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे झालं तुमच्या केसचं. पण समजा मोजल्यावर तुमच्या स्टिकवर १६ चिप निघाल्या आणि '२आर×८' पण निघालं, आणि तरी डिस्प्ले नाही, तर मग पुढचं करायचं, आणि क्रम मोडायचा नाही.

सगळ्यात आधी वायर काढा. स्विच बंद करून भागत नाही, पॉवर केबल एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) उपटून काढा आणि मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. बऱ्याच बोर्डवर एक छोटा हिरवा एलईडी असतो, मशीन बंद असलं तरी केबल लावलेली असेपर्यंत तो जळत असतो, कारण ५ व्होल्टचा स्टँडबाय चालूच असतो. तो विझल्याशिवाय रॅमला हात लावायचा नाही. मी सुरुवातीच्या दिवसांत हे केलं नव्हतं, गिऱ्हाईक उभं होतं, घाईत केबल तशीच ठेवून स्टिक तिरकी घातली, बारीक चट असा आवाज आला आणि जळका वास. स्टिक गेली आणि तो स्लॉटही गेला, दोन्ही भरून दिलं. तेव्हापासून कितीही घाई असो, आधी केबल.

मग नवी स्टिक एकटी लावून बघा, आधी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्या. जुनी पण एकटी दोन्ही स्लॉटमध्ये लावून बघा. हे लोक टाळतात, पण निम्मा निकाल इथेच लागतो. जुनी स्टिक एका स्लॉटमध्ये चालते आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे तो स्लॉट संशयित. तुमचा दुसरा स्लॉट इतकी वर्षं रिकामा आहे हे लक्षात घ्या, त्यात धूळ गच्च बसलेली असणार, कोकणात किंवा दमट जागी असाल तर आतल्या पिनांवर काळपट थर पण. ब्लोअर मारा, मऊ कोरडा ब्रश फिरवा, ओलं फडकं अजिबात नाही, पिन किंवा टाचणीने खरवडणं तर नाहीच. स्टिकच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबरने एकाच दिशेने पुसायच्या, शाई खोडायचा खरखरीत निळा भाग वापरायचा नाही, वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो एकदा गेला की खालचा धातू लवकर काळा पडतो. पुसून झालं की खोडरबरचा चुरा झटका, तो स्लॉटमध्ये गेला तर उलटा त्रास. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

लावताना दोन्ही बाजूंचे खटके उघडा, खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा, टक-टक असे दोन आवाज येऊन खटके आपोआप वर आले पाहिजेत. एक खटका वर आणि एक अर्धवट, अशी स्टिक 'लावलेली' मी दर महिन्याला बघतो. आणि इथे या जुन्या सॉकेटवर एक गोष्ट जपायची. तुमच्या प्रोसेसरचा पंखा चार प्लास्टिकच्या खिळ्यांवर बोर्डला अडकवलेला असतो. रॅम जोरात दाबली की बोर्ड खाली वाकतो आणि जुनं झालेलं प्लास्टिक एखाद्या कोपऱ्यातून सुटतं. मग लोक म्हणतात रॅम लावल्यापासून मशीन पाच मिनिटात बंद पडतंय, रॅमच खराब. रॅम नाही, हीटसिंक एका बाजूने उचललाय आणि प्रोसेसर तापतोय. रॅम बसवून झाली की चारही खिळे हाताने हलवून बघा, पंखा डगमगत असेल तर काढून थर्मल पेस्ट नवी लावून परत बसवा.

यानेही नाही झालं तर सीमॉस क्लिअर, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग पुसायच्या. बोर्डवर गोल बटण सेल असतो, सीआर२०३२, केबल काढलेली असताना तो काढा, पंधरा मिनिटं तसंच ठेवा, परत लावा. जम्पर असेल तर जम्परने करा, ते जास्त पक्कं. इतक्या जुन्या मशीनला सेल नवाच टाका, मशीन चालू करताना तारीख-वेळ मागे गेलेली दिसत असेल तर तो संपलाच आहे. छोटा स्पीकर असेल तर बोर्डला लावून बीप ऐका, रॅम काढून चालू केल्यावर बीप येतो आणि नवी लावल्यावर एकदम शांत, तर बोर्ड जिवंत आहे आणि अडकतोय तो रॅमवरच. किती बीप म्हणजे काय हे बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतं, त्याचा फार किस पाडू नका.

स्लॉटच्या आणि प्रोसेसरच्या आसपास जे उभे डबीसारखे कॅपॅसिटर असतात त्यांच्या डोक्यावर बोट फिरवा. सपाट पाहिजेत. फुगलेले, किंवा वर तपकिरी चिकट काही आलेलं, असं असेल तर एका स्टिकवर मशीन कसंबसं चालतं आणि दुसरी लावली की झोपतं. हा मात्र खरा बोर्डचा आजार, पण तो सुद्धा कॅपॅसिटर बदलून बरा होतो, चांगला सोल्डरिंगवाला माणूस असेल तर नव्या बोर्डपेक्षा फार कमी पैशात.

एच६१ वाल्यांसाठी एक ओळ, तुमच्याकडे एक स्लॉट मेला असेल तर प्रोसेसर काढून सॉकेटच्या पिना भिंगातून बघा, कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असल्यामुळे एक पिन वाकली तरी अख्खा स्लॉट जातो.

आता डिस्प्ले आला समजा. लगेच विंडोज चालू करून खूश होऊ नका. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, तो पेनड्राईव्हवर टाका, त्यावरून मशीन चालू करा (जुन्या बायोसमध्ये पेनड्राईव्ह बरेचदा हार्ड डिस्कच्या यादीत लपलेला असतो, तिथून त्याला वर घ्यायचा) आणि रात्री लावून झोपा. कोअर टू ड्युओवर एक पूर्ण फेरी व्हायला वेळ लागतो, तो द्या. सकाळी लाल रंगात एक जरी एरर दिसली तरी ती स्टिक परत करा. एक एरर चालते असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, तीच एक एरर उद्या मुलीच्या प्रोजेक्टची फाईल करप्ट करते आणि तेव्हा कोणी रॅमवर संशय घेत नाही. दोन्ही स्टिक लावून एरर आली तर एकेक वेगळी तपासा म्हणजे दोषी कोण ते कळेल. वापरलेली, काढलेली रॅम घेणार असाल, आणि या प्रकारची १६ चिपवाली आता बहुतेक तशीच मिळते, तर बिलावर निदान आठ दिवसांची बदलून द्यायची बोली लिहून घ्या.

आणि शेवटचा अडथळा विंडोजचा. मशीन ६ जीबी दाखवतंय पण पुढे 'वापरण्यायोग्य ३.२५ जीबी' असं लिहिलंय, तर तुमची विंडोज ३२ बिटची आहे. २०१० च्या मशीनवर तेव्हा सर्रास तीच टाकून द्यायचे. ई७५०० हा ६४ बिट प्रोसेसर आहे, त्यामुळे ६४ बिट चालेल, पण वरच्यावर अपग्रेड होत नाही, नव्याने इन्स्टॉल करावी लागते, म्हणून डेटा आधी बाहेर काढा. ६४ बिट असूनही कमी दिसत असेल तर बायोसमध्ये मेमरी रीमॅप नावाचा पर्याय चालू आहे का बघा, आणि विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत बूटच्या अॅडव्हान्स्ड पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी' ला टिक असेल तर ती काढा. शंभर-दोनशे एमबी ऑनबोर्ड ग्राफिक्स खातं, ते जाणारच.

नव्याने इन्स्टॉल करायची वेळ आलीच तर त्याच हाताने २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी टाका असं मी मनापासून सांगेन. जी४१ चा साटा पोर्ट जुना आहे, एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी हार्ड डिस्कच्या तुलनेत जो फरक पडतो तो रॅमपेक्षा जास्त जाणवतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे ब्राउझर, टायपिंग आणि व्हिडिओ एवढंच काम असेल तर मी अशा मशीनवर आता लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकून देतो, ४ जीबीत ती नीट चालते आणि मुलं दोन दिवसात सरावतात.

तेव्हा आज संध्याकाळी फक्त एवढं करा, नव्या स्टिकच्या दोन्ही बाजू बघा, चिप मोजा, स्टिकरवरचं लिहून घ्या. जुन्या २ जीबीवरच्या पण मोजा, ८ असतील तर तशीच आणखी एक २ जीबीची स्टिक कुठून जुन्यात मिळाली तरी तुमचं काम भागतं, ४ जीबी होते आणि दोन्ही स्लॉटमध्ये सारखी रॅम असल्यामुळे ड्युअल चॅनेलही (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरायची सोय) मिळतं. जुन्यात २ जीबी घेताना मात्र ४ चिपवाली घेऊ नका, तिच्यातही ४ गिगाबिटच्याच चिप असतात. नवी स्टिक पाकिटासकट सांभाळून ठेवा, ती चांगली आहे, दुकानदाराला परत करताना तिच्या पट्ट्यांवर ओरखडा नको.